मालकाच्या मतांवरून बहिष्कार : बाग सेवनियातील रहिवाशांसाठी कार्यपद्धती

माल चांगला, भाव वाजवी, वजन चोख. तरीही मालकाची धार्मिक किंवा सामाजिक मते पटत नाहीत म्हणून त्याच्याकडची खरेदी बंद करणे, असा हा बहिष्कार असतो. टमाटे सडके निघाले म्हणून ठेला बदलणे त्यात धरत नाहीत. तो साधा व्यवहार असून त्याला मार्गदर्शन लागत नाही. मतांवरच्या बहिष्काराला मात्र शिस्त लागते, आणि त्यासाठी बाग सेवनियासारखी जागा शोधून सापडणार नाही. एकीकडे भेलची वसाहत, दुसरीकडे एम्स, शेजारून जाणारा होशंगाबाद रोड. भेलच्या कारखान्याने पन्नास-साठच्या दशकांत देशभरातून माणसे भोपाळला आणली. त्यांतली कित्येक निवृत्तीनंतर इथेच आसपास घरे बांधून राहिली. त्यामुळे एकेका गल्लीत मल्याळी, बंगाली, बुंदेलखंडी आणि मराठी बिऱ्हाडे सापडतात, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला मते असतात. रस्त्याचे नाव कागदोपत्री नर्मदापुरम रोड झाले आहे, हबीबगंज स्टेशन 2021 पासून राणी कमलापती आहे. कोण कोणते नाव उच्चारतो यावरूनही इथे माणसाची मते ताडली जातात.

पहिली पायरी लक्ष्य निवडण्याची. बहिष्कार शक्यतो अशा वस्तूवर घालावा, जी बहिष्कार घालणारा एरवीही विकत घेत नाही. याचे उत्तम उदाहरण भोपाळनेच घालून दिले आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये सब्यसाची या वेशभूषाकाराच्या मंगळसूत्राची जाहिरात मध्य प्रदेशचे तत्कालीन गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांना अश्लील वाटली. त्यांनी चोवीस तासांची मुदत दिली आणि जाहिरात मागे घेण्यात आली. हे मंगळसूत्र लाखाच्या घरातले असल्याने त्यावरचा बहिष्कार बाग सेवनियात शंभर टक्के यशस्वी ठरला. एकाही घराने ते घेतले नाही. अगोदरच्या महिन्यातही घेतले नव्हते. अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या कोंबडीच्या उपाहारगृहांवरचा बहिष्कारही याच जातीचा. 2012 मध्ये त्या कंपनीचे प्रमुख डॅन कॅथी यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध मत मांडले, विरोधकांनी बहिष्कार पुकारला, आणि 1 ऑगस्टला समर्थकांनी दुकानांपुढे अशा रांगा लावल्या की कंपनीने विक्रमी विक्री जाहीर केली. कंपनीची भोपाळात शाखा नसल्यामुळे हा बहिष्कार इथून कितीही वर्षे, कोणतीही तोशीस न लागता, चालवता येतो.

दुसरी पायरी मालक कोण हे ठरवण्याची. ही सर्वांत किचकट. पूर्वी पाटी वाचून भागत असे. पण पाटीवर देवाचे, मुलीचे किंवा गावाचे नाव असते, आणि देव दुकान चालवत नाही. जुलै 2024 मध्ये उज्जैनच्या महापौरांनी दुकानदारांनी आपले नाव आणि मोबाइल क्रमांक दर्शनी लावावा, न लावल्यास पहिल्यांदा 2,000 आणि दुसऱ्यांदा 5,000 रुपये दंड, असे जाहीर केले होते. बहिष्कार घालणाऱ्यांची मोठीच सोय झाली असती. परंतु त्याच महिन्याच्या 22 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने कावड यात्रेच्या मार्गावरील अशा आदेशांना अंतरिम स्थगिती दिली. काय पदार्थ मिळतो ते लिहायला लावता येईल, कोण विकतो ते लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

सध्याच्या काळात क्यूआर कोड हे अधिक शास्त्रीय साधन आहे. संध्याकाळी रस्त्याकडेच्या ठेल्यावर पाव किलो भेंडी तोलून झाली, की फोन कोडसमोर धरावा. पडद्यावर बँक खात्यातले नाव उमटते. तथापि हे नाव ठेलेवाल्याचे असेलच असे नाही. ते त्याच्या बायकोचे असते, मेव्हण्याचे असते, कधी खाते ज्याच्या आधार कार्डावर निघाले त्या घरमालकाचे असते. नाव नीट वाचेपर्यंत अंगठ्याच्या सवयीने पैसे जातात आणि ठेल्याला टांगलेला डबा खणखणीत आवाजात पन्नास रुपये मिळाल्याचे गल्लीभर सांगतो. बहिष्काराच्या आधीच व्यवहार पुरा होणे हा या पद्धतीतला दोष आहे. शिवाय भेंडी करोंदच्या मंडीतून येते. तिथे ती कोणत्या आडत्याच्या गाळ्यात उतरली, कोणत्या हमालाने पोते उचलले, कोणत्या गावात कोणी तोडली, याचा माग लावायचा तर पहाटे चारला करोंदला जावे लागेल; आणि तेवढी निष्ठा आजवर कोणत्याही बहिष्कारात दिसलेली नाही.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत मालक शोधणे सोपे वाटते, पण तसे नसते. ऑक्टोबर 2020 मध्ये तनिष्कच्या जाहिरातीत मुस्लिम सासर आपल्या हिंदू सुनेचे डोहाळजेवण करताना दाखवले, तेव्हा बहिष्काराची हाक उठली आणि जाहिरात काढली गेली. तनिष्क टायटन कंपनीचे. टायटनमध्ये टाटांबरोबर तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाचा पाव हिश्श्याहून जास्त वाटा आहे. सोन्याच्या बांगड्यांवर रुसायचे असेल तर तमिळनाडू सरकारच्या डोहाळजेवणाविषयीच्या मतांचा अभ्यास आधी करावा लागतो. झोमॅटोची गोष्ट आणखी जवळची. ती कंपनी 2021 मध्ये शेअर बाजारात उतरली आणि मार्च 2025 मध्ये निफ्टीच्या पन्नास कंपन्यांत गेली. ज्या घराची निफ्टी निर्देशांकाच्या फंडात दरमहा एसआयपी जाते, ते घर तिच्या मालकांपैकी एक आहे. अशा घराने प्रथम स्वतःची धार्मिक मते तपासावीत.

तिसरी पायरी मालकाचे मत निश्चित करण्याची. मुलाखत, भाषण, न्यायालयातले शपथपत्र हे उच्च प्रतीचे पुरावे, जाहिरात मध्यम, वेष्टनावरची लिपी कनिष्ठ. कनिष्ठ पुराव्यावर मात्र सर्वाधिक काम होते. एप्रिल 2022 मध्ये हल्दीरामच्या उपासाच्या मिश्रणाच्या पाकिटावर अरबी मजकूर दिसला म्हणून एका वाहिनीच्या वार्ताहराने दुकानातल्या कर्मचारी बाईंना धारेवर धरले होते. आखाती देशांत माल विकायचा तर तिथल्या लिपीत घटक छापावे लागतात, एवढाच त्या मजकुराचा अर्थ. शेंगदाणे, बटाट्याचा कीस आणि सैंधव यांना अरबीत काय म्हणतात हे त्या निमित्ताने पुष्कळांना कळू शकले असते.

खरी अडचण छोट्या दुकानदारापाशी येते, कारण त्याचे मत कुठेच नोंदलेले नसते. तो मुलाखत देत नाही, जाहिरात करत नाही. त्याचे मत विचारावे तर तो कोथिंबीर-मिरची फुकट हवी का एवढेच विचारतो. मग मताच्या जागी नाव धरले जाते. मोठ्या मालकाचे मत तपासतात आणि लहान मालकाचे नाव, हा या शास्त्रातला सर्वांत जास्त पाळला जाणारा आणि कुठेही न लिहिलेला नियम आहे. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, इंदूर जिल्ह्यातल्या पेमलपूर गावात मुस्लिम व्यापाऱ्यांना प्रवेश नाही असा फलक लागला. पोलिसांनी तो काढला आणि गुन्हा नोंदवला. त्या फेरीवाल्यांपैकी कोणाचे कशाविषयी काय मत होते, याची चौकशी फलक लावणाऱ्यांनी केल्याची नोंद नाही. मंगळसूत्रवाल्याची जाहिरात गेली, धंदा चालू राहिला. सायकलवर बांगड्या किंवा भाजी घेऊन फिरणाऱ्याची एक दुपार गेली की त्या दिवसाची चूल जाते. परिणामकारकतेच्या दृष्टीने पाहता बहिष्कार इथेच खरा लागू पडतो, हे मार्गदर्शनपर लिखाणात नमूद करणे भाग आहे.

चौथी पायरी अंमलबजावणीची. दुकानात न जाणे ही जुनी पद्धत. ती कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हल्ली फोनवर कंपनीच्या ॲपला एक तारा देतात. इथे नाव नीट वाचण्याची सवय हवी. मार्च 2019 मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीत एक लहान मुलगी सवंगड्याचे पांढरे कपडे रंगापासून वाचवून त्याला मशिदीत पोहोचवते असे दाखवले होते. संतापलेल्यांपैकी कित्येकांनी मायक्रोसॉफ्ट एक्सेलला एक तारा देऊन कपडे धुण्याची पावडर कशी धर्मद्रोही आहे ते लिहिले. हिशेबाच्या तक्त्याला होळीबद्दल काहीही मत नव्हते. त्याआधी 2017 मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांच्या कथित उद्गारांचा राग स्नॅपडीलवर निघाला होता. आणि हेच स्नॅपडील 2015 मध्ये आमिर खान यांच्या वक्तव्यापायी एकदा मार खाऊन बसले होते, कारण ते त्याची जाहिरात करत. आमिर खान मालक नव्हते, हा तपशील गौण मानला गेला.

पाचवी पायरी पर्यायाची, आणि पुष्कळ बहिष्कार इथे गारद होतात. सर्फ सोडून रिन आणले तर पैसे हिंदुस्तान युनिलिव्हरच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात. याहून बोधप्रद इतिहास जबलपूरचा आहे. जुलै 2019 मध्ये तिथल्या एका ग्राहकाने डबा आणणारा हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली. अन्नाला धर्म नसतो, अन्न हाच धर्म, अशा अर्थाचे उत्तर कंपनीने दिले. पोलिसांनी त्या ग्राहकाला शांतता राखण्याची नोटीस बजावली. झोमॅटोवर बहिष्कार पुकारला गेला. उबर ईट्सने तिची पाठराखण केली म्हणून त्यांच्यावरही. जानेवारी 2020 मध्ये झोमॅटोने उबर ईट्सचा भारतातला धंदाच विकत घेतला, त्यामुळे दोन बहिष्कारांचे काम एकाच बहिष्कारात भागू लागले. मूळ ऑर्डर रद्द करणाऱ्याचे जेवण त्या रात्री कोणी रांधले, ही बाब सार्वजनिक नोंदीत नाही.

सरबताचा प्रश्न याच पायरीत येतो. एप्रिल 2025 मध्ये बाबा रामदेव यांनी पतंजलीच्या गुलाब सरबताचा प्रचार करताना एका सरबताचा पैसा मशिदी आणि मदरशांकडे जातो असे सुचवून ‘शरबत जिहाद’ हा शब्द वापरला. हमदर्द ही रूह अफजा बनवणारी, 1906 साली दिल्लीत सुरू झालेली संस्था न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती दाखवली आणि रामदेव यांच्या वतीने चित्रफिती काढून घेण्याची ग्वाही देण्यात आली. रूह अफजावर बहिष्कार घालणारे आणि पतंजलीवर घालणारे असे दोन्ही पक्ष एकाच गल्लीत नांदू शकतात. किराणा दुकानात दोन्ही बाटल्या एका फळीवर खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि दुकानदार दोन्ही पक्षांना उधार देतो. उधारी हा बहिष्काराचा मोठा शत्रू आहे. वहीत नाव असताना दुकानदाराच्या मतांविषयी बोलणे अशोभनीय ठरते. आधी हिशेब चुकता करावा, मग मतभेद जाहीर करावा. महिनाअखेरीस म्हणूनच बहिष्कार कमी दिसतात.

काही वस्तू आणि सेवा अपवाद धराव्यात. एम्सच्या आसपासच्या औषधांच्या दुकानात हातात चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाचा पंथ विचारल्याचे ऐकिवात नाही. रक्ताच्या पिशवीबाबतही तेच. रात्री वरच्या टाकीचा नळ फुटला, भर उन्हात गाडी पंक्चर झाली, लग्नसराईत शिंपी मिळेना, अशा वेळी बहिष्कार आपोआप स्थगित समजावा. जरीकाम, कुलूपदुरुस्ती, गादी पिंजणे या कामांत माणूस बदलायला दुसरा माणूस लागतो, आणि तो बहुधा पहिल्याचाच चुलतभाऊ निघतो.

परंपरेविषयी थोडे. मराठी समाजाला या विषयाची ओळख जुनी असली तरी आरंभी बहिष्कार विक्रेत्यावर नसून गिऱ्हाइकावर असे. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांच्या घरचा चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदी मंडळींवर ग्रामण्य उभे राहिले. आमंत्रणे गोपाळराव जोशी यांनी दिली होती आणि नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून येण्यामागेही तेच होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहा विकणाऱ्याला कोणी बोल लावला नाही. महाराष्ट्रात 2017 पासून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू आहे. जात पंचायतींनी माणसे वाळीत टाकण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो मध्य प्रदेशात चालत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) प्रमाणे धर्म किंवा जात पाहून दुकानात कोणालाही मज्जाव करता येत नाही. मात्र गिऱ्हाइकाने कोणत्या दुकानात जावे याविषयी अनुच्छेद गप्प आहे, आणि हे संपूर्ण शास्त्र त्या मोकळ्या जागेत उभे आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवून गल्लीत फलक मात्र लावू नये. पेमलपूरचा गुन्हा फलकावरून नोंदला गेला.

शेवटची पायरी समाप्तीची. बहिष्काराची सुरुवात जाहीर करतात, समाप्ती करत नाहीत. ती साधारणपणे दिवाळीच्या सवलतीत, कुपन संपण्याच्या आदल्या दिवशी, किंवा घरातल्या थोरल्या माणसाला तोच जुना चहा हवा असल्याने होते. बहिष्कारातलाच शेजारी त्याच दुकानात समोरासमोर आला, तर दोघांनीही पिशवी पुढे करून माल परत करायला आल्याचे सांगावे. परतीसाठी दुकानात जाण्याला आडकाठी नाही. पिशवीवर आजचीच पावती चिकटलेली असल्यास ती दुसऱ्याने वाचू नये, असा संकेत आहे.