चार दिवस काळ्या पाण्यावर

(वाढदिवसानिमित्त फक्त दोघांनी बेटावर जाऊ इच्छिणाऱ्या रायपूरच्या मराठी दांपत्यांसाठी)

रायपुरात मरीन ड्राइव्ह आहे, फक्त समुद्र नाही. तेलीबांधा तलावाच्या काठाला सगळे शहर याच नावाने ओळखते आणि संध्याकाळी तिथे भुट्टा खात पाण्याकडे तोंड करून बसते. बेटही आहे. बूढा तलावाच्या मधोमध बाग आहे आणि तिच्यात विवेकानंदांचा भलामोठा पुतळा आहे. उष्णकटिबंधासाठी तर घराबाहेरही पडावे लागत नाही. कर्कवृत्त राज्याच्या उत्तर भागातून जाते, रायपूर २१ अंशांवर, म्हणजे आपण जन्मापासून रीतसर उष्णकटिबंधातच आहोत. मे महिन्यात याची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. तेव्हा समुद्र नसला तरी मरीन ड्राइव्ह, बेट आणि ऊन हे सगळे गावात असताना बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाला विमानाने बेटावर कशाला जायचे, हा प्रश्न घरात विचारला जाणारच. त्याचे खरे उत्तर ‘आम्हाला दोघांनाच जायचंय’ हे आहे. ते कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

बेटाची निवड लवकर आटपावी. मालदीवला भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळतो, पण ‘परदेश’ हा शब्द उच्चारला की घरात पासपोर्टांची शोधाशोध सुरू होते आणि कोणाचा संपला, कोणाचा काढलाच नाही, यावरून सगळे कुटुंब आपणही चाललो आहोत असे धरून चालते. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो; त्या फॉर्मवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर पडू शकते. राहिले अंदमान. रायपूरहून थेट विमान नाही, कोलकात्याला किंवा चेन्नईला बदलावे लागते, पण परवाना नको आणि पासपोर्टही नको. काही काटकसरी लोक कोलकात्याहून जहाजाने जाण्याचा सल्ला देतात. जहाजाला पोर्ट ब्लेअरला पोचायला तीन-चार दिवस लागतात. वाढदिवस बंगालच्या उपसागरात साजरा होईल आणि तिथूनच परतीचे विमान चुकेल.

‘पुरीला जा की’ असे सुचवणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. अलीकडे त्याची सूचना बदलली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत सुरू झाल्यापासून तो विशाखापट्टणम सुचवतो. त्याचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, गाडीचे वेळापत्रक त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि विषय बदलावा.

आता घरी सांगण्याचा भाग. इथेच बहुतेक दांपत्ये बुडतात, आणि तेही समुद्र दिसण्यापूर्वी. या कामी सरकारने केलेली मदत फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झाले. विमानतळाला सावरकरांचे नाव होतेच. त्यामुळे निळे पाणी, पांढरी वाळू आणि नारळाखालचे झोपाळे असा जो कार्यक्रम आहे, तो सासूबाईंना पुढीलप्रमाणे सांगता येतो: “आई, वीर सावरकर विमानतळावर उतरायचं. श्री विजयपुरमला मुक्काम. मग दोन दिवस स्वराज द्वीप, एक दिवस शहीद द्वीप, येताना नेताजींचं बेट.” यात एक शब्दही खोटा नाही. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येते. गोव्याला जायचे असते तर हे साधले नसते.

मात्र हे औषध जपून द्यावे, कारण ते गरजेपेक्षा जास्त लागू पडते. सासूबाई पुसलेल्या डोळ्यांनी आत जातात आणि थोड्या वेळाने सासरे बाहेर येतात. ते हातातला पेपर घडी करतात. मग म्हणतात, “सावरकरांची कोठडी बघायची माझी राहूनच गेली.”

या वाक्याला मराठी मुलाकडे उत्तर नाही. ‘नाही’ म्हटले तर तो केवळ बापाचा नव्हे, इतिहासाचाही अपराधी ठरतो. आणि वाक्य घरात थांबत नाही. चौबे कॉलनीत १९३५ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे. तिथे रविवारी सकाळी हे कोणाच्या कानावर पडले, तर संध्याकाळपर्यंत तात्यापारा, सुंदरनगर आणि शंकरनगर मिळून अठरा माणसे, दोन गुडघेदुखीवाल्या काकू आणि एक हार्मोनियम अशी सहल ठरते, आणि तुमच्याकडे हिशेबाची वही दिली जाते.

यातून सुटण्याची वाट एकच आहे आणि ती सरकारी आहे. दोघांपैकी एक जण केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर एलटीसी काढावी. ‘फिरायला चाललो’ म्हटले की उधळपट्टी होते. ‘एलटीसी लॅप्स होतेय’ म्हटले की तेच कर्तव्य होते. फुकटचे वाया जाताना मराठी मध्यमवर्गीयाला पाहवत नाही, मग ते हॉटेलातले साबण असोत की विमानाचे तिकीट. शिवाय एलटीसीत आईवडील धरायचे तर ते अवलंबित असावे लागतात, आणि बऱ्यापैकी पेन्शन घेणारे वडील त्या व्याख्येत बसत नाहीत. हा नियम वडिलांना वाचून दाखवावा, पण ‘तुम्ही बसत नाही’ असे म्हणू नये. “बाबा, तुमची पेन्शन जास्त पडते हो,” असे म्हणावे. हे त्यांना आवडते. केंद्राची नोकरी नसलेल्यांनी काय करावे, हे ज्याचे त्याने पाहावे; प्रस्तुत लेखकाला चमत्कार येत नाहीत.

तरी घरच्यांचा हक्क उरतोच आणि तो बुडवू नये. त्यासाठी पूर्वजांनी एकाच माणसाला वर्षाकाठी दोन वाढदिवस दिले आहेत, एक तिथीने आणि एक तारखेने. तिथीचा घरच्यांना द्यावा, तारखेचा स्वतः ठेवावा. चाळिसाव्या वर्षी या दोहोंत एक तर आठवड्याचे नाही तर तीन आठवड्यांचे अंतर पडते, तेवढे पुरते. इशारा असा की चंद्र-सूर्याचा हिशेब दर १९ वर्षांनी पुन्हा जुळतो. त्यामुळे १९व्या, ३८व्या आणि ५७व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने येतात. त्या वर्षी बेटाचा विचार करू नये, घरीच श्रीखंड खावे.

तिथीच्या वाढदिवसाला सगळ्यांना मदकू द्वीपावर न्यावे. हे खरेखुरे बेट आहे. बिलासपूरच्या रस्त्याला सुमारे ८० किलोमीटर गेले की शिवनाथ नदी दोन धारांनी त्याला वळसा घालते. मांडुक्य ऋषींनी इथे तप केले असे सांगतात, तेवढ्याने ज्येष्ठ मंडळी गार होतात. ज्यांना पुरावा लागतो त्यांच्यासाठी २०११ च्या उत्खननात जमिनीखालून निघालेली, दहाव्या-अकराव्या शतकांतली लहान लहान देवळे एका रांगेत उभी आहेत. फेब्रुवारीत इथे ख्रिस्ती मेळाही भरतो, १९०९ पासून. सोबत कांदेपोहे, शिरा आणि सतरंजी घ्यावी. झाडाखाली औक्षण करून घ्यावे. नातेवाइकांनी ‘चला, बेटावर वाढदिवस झाला एकदाचा’ असे म्हटल्याशिवाय गाडीत बसू नये. हे वाक्य पुढे कामाला येते.

आता सामान. अंदमानात सगळे मिळते, पण घरून निघताना हे सिद्ध करता येत नाही. पिशवीत ठेठरी आणि खुरमी असावी. चकली विमानाच्या धक्क्याने मोडते, ठेठरी मोडायला दात लागतात. तेलाचे लोणचे हातातल्या सामानात चालत नाही. सुके खोबरे तर मुळीच नेऊ नये, त्यात तेल असते आणि ते पेट घेते म्हणून विमानात मनाई आहे. नारळाच्या बेटावर रायपूरहून खोबरे का न्यायचे, हा प्रश्न तर्कशुद्ध आहे, पण खिरापत कोणत्या खोबऱ्याची करायची हे सासूबाईंनी ठरवलेले असते. सगळ्यांत नाजूक प्रकरण औक्षणाच्या तबकाचे. माना विमानतळावर पिशवी यंत्रातून जाते, पडद्यावर पितळी निरांजन, सुपारी, अंगठी आणि वातींचा गोळा दिसतो, आणि वर्दीतला जवान ते सगळे एकेक करून ट्रेमध्ये मांडतो.

“ये क्या है?”

“दिया. बर्थडे के लिए.”

तो निरांजन उलटे करून पाहतो, वात बोटाने दाबून पाहतो. “माचिस?”

इथे काडेपेटी निघाली तर ती तिथेच राहते, निघाली नाही तर तो निरांजन स्वतःच्या हाताने पुन्हा रुमालात गुंडाळून देतो. म्हणून काडेपेटी तिकडे पोचल्यावर घ्यावी.

पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी तुरुंगात जावे. वाढदिवसाच्या सहलीची सुरुवात तुरुंगाने करणारा समाज जगात दुसरा असेल असे वाटत नाही, पण सेल्युलर जेल न बघता परतलेल्या मराठी जोडप्याला रायपुरात कोणी उभे करणार नाही. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे ही इमारत बांधत होते. सात भुजा, ६९३ कोठड्या, आज तीनच भुजा उभ्या आहेत. सावरकरांना १९११ मध्ये इथे आणले, त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीच आत होते. वर तिसऱ्या मजल्यावर टोकाच्या कोठडीत गेल्यावर विनोद आपोआप बंद होतो. खाली कोलू ठेवला आहे. माणसाला बैलासारखे जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढून घेत. ‘माझी जन्मठेप’ शाळेत असताना वाचलेली असली तरी कोलूचा दांडा छातीच्या उंचीला येतो हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. इथे सेल्फी काढू नये. फोटो मात्र भरपूर काढावेत, कारण पुढे सांगितले आहे. प्रकाश-ध्वनीच्या कार्यक्रमात आवारातला पिंपळ कथा सांगतो, ती पूर्ण ऐकावी आणि मग बाहेर येऊन मुकाट्याने जेवावे. त्या रात्री केकचा विषय काढू नये.

दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप. ज्यांना बोट लागते त्यांनी न्याहारीला चहा-टोस्टपुरतेच थांबावे. बुफेमध्ये इडली, पुरी आणि ऑम्लेट एकाच ताटात दिसले की रायपूरच्या माणसाला संयम राहत नाही, आणि त्याचा निकाल अर्ध्या तासात लागतो. बोट लागलेल्या नवऱ्याला लिंबू हुंगायला देत वाढदिवसाची सुरुवात झालेली जोडपी पाहण्यात आहेत. ती पुढे सुखाने नांदतात असे आढळते.

तिथल्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त हा या सगळ्या खटाटोपाचा कळस आहे, आणि तो वामकुक्षीमुळे चुकतो. अंदमान रायपूरच्या ११ अंश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. तिथला सूर्य आपल्या सूर्याच्या पाऊण तास पुढे चालतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास बुडून मोकळा होतो. भात-मासे जेवून ‘जरा पाठ टेकतो’ म्हणणारा नवरा चारला उठला तरी तोंड धुणे, चहा आणि चप्पल शोधणे यात पाच वाजतात. पाऊणशे तिकिटांच्या खटपटीने बायकोला जिथे आणले, तिथे तिला अंधार दाखवावा लागतो. त्या दिवशी झोपू नये. झोप आलीच तर वाळूत, पश्चिमेकडे तोंड करून झोपावे.

केक स्थानिक बेकरीतून घ्यावा, औक्षण खोलीत करावे. बाहेर केले तर खारा वारा निरांजन टिकू देत नाही आणि शेजारच्या टेबलावरचे कोणीतरी “तुम्ही मराठी ना?” म्हणत येते. ते नागपूरचे निघते. मग त्यांचे साडू रायपुरात समता कॉलनीत राहतात हे कळते आणि तारखेचा वाढदिवसही संपतो.

एक जुनी सवलत आता राहिलेली नाही. पूर्वी ‘रेंज नव्हती’ म्हटले की अंदमानातून फोन न करणाऱ्याला माफी होती. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून समुद्राच्या तळातून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटरची केबल सुरू झाली आणि ती सरळ स्वराज द्वीपापर्यंत येते. ज्यांनी ती टाकली त्यांनी जोडप्यांचा विचार केला नाही. तेव्हा रात्री आठला व्हिडिओ कॉल येईल हे धरून चालावे. सासूबाई तिकडे देवघरासमोर तबक घेऊन उभ्या असतील आणि फोनच्या पडद्याला ओवाळतील. सुनेने पदर किंवा ओढणी जवळ ठेवावी, नवऱ्याने अर्धी चड्डी कॅमेऱ्याच्या खाली राहील अशा बेताने बसावे.

परतताना शंख-शिंपले आणि प्रवाळ पिशवीत टाकू नयेत. विमानतळावर तपासतात आणि कायदा कडक आहे. सरकारी ‘सागरिका’तून पावतीसह काय ते घ्यावे.

घरी आल्यावर शेवटचा विधी असतो. मंडळाचे कोणीतरी सासऱ्यांना भेटून गेलेले असते आणि पुढल्या रविवारी पाच वाजता ‘अंदमान: एक तीर्थयात्रा’ या विषयावर तुमचे सचित्र व्याख्यान ठरलेले असते. नाही म्हणू नये. तुरुंगाचे, कोलूचे, नेताजींच्या बेटाचे आणि हुतात्म्यांच्या नावांच्या पाट्यांचे फोटो क्रमाने लावावेत. समुद्र लागलाच तर दुरून दाखवावा. स्नॉर्केलिंगचे, झोपाळ्यावरचे आणि केकचे फोटो लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून त्याला ‘वीजबिलं २०१९’ असे नाव द्यावे. ते घरात कोणी उघडत नाही.