माइकपासून वीतभर

माझा आवाज चांगला आहे, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. मी स्वतःच सांगतो. त्यामुळे आमच्या हौशी इंटरनेट रेडिओच्या बैठकीत ‘निवेदकांचा दर्जा सुधारला पाहिजे’ असा विषय निघाला, तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघत होते आणि मी पिशवीत हात घालत होतो. बत्तीस कलमी आचारसंहिता घरूनच टाइप करून नेली होती. झेरॉक्ससकट.

कलमं साधी आहेत. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा तिरका ठेवावा, नाहीतर ‘फ’ आणि ‘भ’ श्रोत्याच्या कानात फुटतात. ‘आज आपण बघणार आहोत’ असं म्हणू नये. रेडिओवर काही दिसत नाही. गायकाबरोबर गीतकार-संगीतकाराचंही नाव घ्यावं. विकिपीडिया वाचून दाखवू नये. कूकरची शेवटची शिट्टी झाल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नये.

हे शेवटचं कलम अनुभवातून आलंय. आमचा स्टुडिओ म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातलं कपड्यांचं कपाट. गोधड्या आणि शालू आवाज घुमू देत नाहीत. मी आत शिरून दार ओढून घेतो आणि ‘रसिकहो’ म्हणतो, तेव्हा माझा गळा दाटून येतो. त्यात डांबरगोळ्यांचाही थोडा वाटा आहे. इंटरनेटवरून आवाज पोचायला अर्धं मिनिट जातं, म्हणून बायकोला माझा कार्यक्रम दोनदा ऐकू येतो, आधी कपाटातून आणि मग मोबाईलवर. ‘काय फरक जाणवतो?’ मी उत्सुकतेने विचारलं. ‘मोबाईल बंद करता येतो,’ ती म्हणाली.

दर्जा म्हटलं की मला डॉ. बा. वि. केसकर आठवतात. हे विषयांतर आहे, पण आमच्याकडे जाहिराती नसल्यामुळे वेळ भरपूर असतो. केसकर 1952 पासून दहा वर्षं देशाचे नभोवाणी मंत्री होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. लोकांच्या कानांना चांगलं वळण लागावं म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली. पेटीला तर 1940 पासूनच बंदी होती. ती त्यांच्या काळातही उठली नाही. लोकांनी काय केलं? काटा हलवून रेडिओ सिलोन लावलं. 1952 च्याच डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बोलायचे, तो आवाज विमानाने कोलंबोला जायचा आणि तिथून लघुलहरींवर बसून पुन्हा मुंबईला यायचा. आमचं अर्धं मिनिट त्यापुढे काहीच नाही. अखेर 1957 मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. तोवर दर्जा केसकरांनी सांभाळला आणि श्रोते सिलोनने.

मला मात्र केसकरांबद्दल जिव्हाळा वाटतो. आपल्याला उमजलेलं चार लोकांच्या कानांवर घालावं, ही इच्छा काही वाईट नाही. फक्त बटण लोकांच्या हातात असतं.

तर आचारसंहिता. तिच्या नवव्या कलमाचा, म्हणजे ‘प्रमाण उच्चारा’चा, आधार घेऊन एका श्रोत्याने आमच्या एका निवेदकाविरुद्ध, काकांविरुद्ध, तक्रार केली. काका सांगोल्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दर आठवड्याला एक जुना रूट घेतात आणि थांब्याथांब्याने गाव, माणसं, गाणी सांगत जातात. कार्यक्रमाची सुरुवात तिकिटाच्या जुन्या पंचाची टिकटिक करून, ‘पुढं सरका, पुढं सरका’ने. ‘पानी’ म्हणतात, ‘आनि’ म्हणतात. तक्रारदाराच्या मते त्यामुळे भाषेची हानी होते.

इथे माझं टाळकं सरकलं. याच गृहस्थांना ‘हाय गाईज, सो आज आपला टॉपिक आहे’ चालतं, त्यावर कधी अवाक्षर नाही. इंग्रजीने मराठीचा गळा धरला तर तो मॉडर्न, आणि सांगोल्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तो गावंढळ! सामुदायिक रेडिओचं सरकारी धोरण 2006 चं आहे. आम्हाला इंटरनेटवाल्यांना ते लागू नाही, पण त्यातसुद्धा कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, असं म्हटलंय. म्हसवडला ‘माणदेशी तरंग’वर माणदेशातली माणसं माणदेशासाठी बोलतात, तिथे जाऊन कोणी त्यांचा ‘ण’ तपासत नाही. काकांची वही मी पाहिली आहे. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. प्रत्येक गाण्यासमोर गीतकार, संगीतकार. फर्माईश पाठवणाऱ्याचं आडनाव अवघड असलं तर ते आधी त्याला फोन करून विचारतात, ‘तुमचं नाव कसं घेऊ?’ बत्तीस कलमांत हे कलम नव्हतं.

बैठकीत मी काकांची बाजू एवढ्या पोटतिडकीने मांडली की समितीने त्यांना संध्याकाळी सातची वेळ देऊन टाकली. ती माझी होती. मला दुपारी दोनची मिळाली. पुण्यात दुपारी दोनला दारावरची बेल वाजवणंसुद्धा असभ्य समजतात, तिथे ‘रसिकहो’ कोणाला म्हणणार?

गेल्या आठवड्यात कार्यक्रम चालू असताना मी स्क्रीनवर श्रोतेसंख्या पाहिली. दोन. त्यातला एक मीच, आवाज नीट जातोय का ते बघायला लावलेला. दुसरे काका निघाले. संपल्यावर त्यांचा फोन आला.

‘सर, आवाज लई भारी आहे तुमचा.’

‘ऐकायला कोण आहे, काका?’

‘त्याचं काय एवढं? गाडी रिकामी असली तरी टायमाला सोडायची असती.’

मी ते वाक्य त्याच दिवशी आचारसंहितेत कलम तेहेतीस म्हणून घातलं. भाषा जरा प्रमाण केली आणि खाली माझं नाव टाकलं.