संगणकाच्या पोटातून मावशीचा आवाज काढण्याची रीत

प्रस्तुत मार्गदर्शन १९९८च्या आसपास जुळवलेल्या असेंबल्ड संगणकासाठी आहे. त्यानंतरच्या संगणकवाल्यांनी ते नुसते वाचावे. त्यांच्या नशिबी हे सुख नाही.

प्रथम उद्दिष्ट समजून घ्यावे. मोडेम टेलिफोनच्या ओळखीचा, साउंड कार्ड स्पीकरच्या ओळखीचे. दोघांच्या मध्ये चार तारांची एक केबल लावली की फोनवरचे बोलणे स्पीकरमधून येते आणि आपले बोलणे टेबलावरच्या माइकमधून जाते. हे सगळे रिसीव्हर कानाला लावून होतच होते, अशी शंका ज्यांना येते त्यांनी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजाराच्या दिशेने फिरकू नये. दुकानात ‘व्हॉइस मोडेम’ मागावा. नुसत्या डेटा मोडेमवर या केबलसाठी जागाच नसते. दुकानदार ‘चालेल’ म्हणेल. दुकानात सगळेच चालते.

संगणकाची वायर भिंतीतून काढावी. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मुंबईच्या दमट हवेत ती फारशी साठत नाही. पुणेकरांनी मात्र डिसेंबरात स्वेटर आधी काढून ठेवावा. आत दिसणाऱ्या लांब काळ्या फटी आयएसए, आखूड पांढऱ्या पीसीआय. तपकिरी असेल ती एजीपी, तिथे आपले काही काम नाही. फटीमागची पत्र्याची पट्टी पुढेमागे हलवून तोडावी. स्वस्त कॅबिनेटमध्ये या वेळी बोट कापते. तोडलेली पट्टी फेकू नये. पुढे कार्ड काढावे लागले तर त्या उघड्या खिडकीतून झुरळे आत येतात, आणि त्यांना आतली ऊब आवडते.

मोडेमचे कार्ड फटीत धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबावे. ‘कट्’ असा आवाज येतो. तो कार्ड बसल्याचा होता की मदरबोर्ड तडकल्याचा, हे संगणक चालू केल्यावर कळते.

आता खरे प्रकरण: आयआरक्यू. प्रोसेसरला हाक मारण्यासाठी या यंत्रात सोळाच वाटा आहेत, शून्य ते पंधरा, आणि ही सोळा खोल्यांची चाळ आधीच भरलेली असते. शून्यात घड्याळाचे ठोके, एकमध्ये कीबोर्ड, सहामध्ये फ्लॉपी, सातमध्ये प्रिंटर, चौदात हार्ड डिस्क. साउंड ब्लास्टर घराण्यातले कार्ड पाचवर हक्क सांगते. मोडेमला कॉम-२ म्हणजे तीन नंबर हवा असतो; पण मदरबोर्डावरचा कॉम-२ पोर्ट, त्याला कधी कोणी काही जोडलेले नसले तरी, ती खोली अडवून बसतो. बायोसमध्ये जाऊन त्याला बाहेर काढावे. हे न करता मोडेमला कॉम-३ दिला तर तो चार नंबरात शिरतो, आणि तिथे कॉम-१वरचा माउस राहतो. मग माउस हलवला की फोन तुटतो आणि फोन लागला की माउस थिजतो. विंडोज ९८ हे सारे आपोआप जमवते, असे खोक्यावर छापलेले असते. खोकी वाचण्यासाठी नसतात.

केबलसाठी साउंड कार्डावर ‘टॅड’ लिहिलेले चार पिनांची खोबण शोधावी. ती बहुधा हिरवी असते. शेजारी तसेच दिसणारे सीडी-इन आणि ऑक्स-इन असतात. सीडी ड्राइव्हची केबल चुकून टॅडमध्ये गेली तर गाणी गप्प होतात आणि दोष सीडीवाल्याला जातो. केबलच्या मधल्या दोन तारा सहसा ग्राउंडच्या. कडेची एक येणाऱ्या आवाजाची, दुसरी जाणाऱ्याची. शेवटी व्हॉल्यूम कंट्रोल उघडून त्यात टॅडची पट्टी दिसते का पाहावे. नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये खूण करून ती आणावी. ‘म्यूट’वरची खूण काढावी. अर्धी घरे याच पायरीवर मोडेम परत करायला निघतात.

चाचणीसाठी नातेवाईक वापरावा. मावशी उत्तम. ती फोनवर मुळातच ओरडून बोलते, आणि सबवूफरमधून तिचा ‘हॅलो’ खिडकीच्या गजांना जाणवतो. या घडीपासून कोणाचे लग्न कुठे फिसकटले हे मजल्यावर सर्वांना एकाच वेळी कळते. आपला नंबर शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर असेल तर त्यांना बोलवायला जावेही लागत नाही. ते आपापल्या घरी बसूनच सगळे ऐकतात; फक्त उत्तर द्यायला यावे लागते.

सोबतच्या सीडीत आन्सरिंग मशीनही असते. आपण घरी नसताना ते निरोप टिपून घेते. मात्र यंत्राला निरोप सांगणारा माणूस अजून आपल्या नात्यात जन्मलेला नाही. टिपलेल्या निरोपात ‘हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?’ आणि नंतर ‘अगं, कोणीतरी बाईच उचलते’ एवढे मिळते. त्यावरून घरात जे उद्भवते ते या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचे आहे.

इंटरनेट लावताना मोडेमने ‘डायल टोन नाही’ अशी तक्रार केली, तर तो आपल्या एक्स्चेंजचा सूर ओळखत नाही, इतकेच. जादा सेटिंगमध्ये ‘एटीएक्स३’ भरावे, म्हणजे तो सूर न ऐकताच नंबर फिरवतो. बैठकीच्या खोलीत पॅरलल फोन असल्यास त्यावर चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठी वाचण्यासाठी आजोबा तो उचलतीलच.

पावसाळ्यात एक पथ्य. टेलिफोनच्या तारेतून आलेली वीज मोडेम जाळते आणि कधी त्याच्यासोबत मदरबोर्डही नेते. आभाळात गडगडले की आधी मोडेममागची फोनची वायर काढावी, मग गच्चीवरचे पापड आणायला धावावे.