धोक्याच्या पातळीवरचे अण्णा

क्रूझवर जाऊन आलेला माणूस तुमच्याही नात्यात असेलच. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी पुढं सरकवत "जहाजावर काय असतं ना..." म्हणून सुरू होणारा. आमच्या नशिबी सांगलीचे साडू आले, अण्णा. बरं, नुसतं ऐकवून थांबले असते तर गोष्ट वेगळी. ते आम्हा सातारकरांना ओढून सोबतच घेऊन गेले.

मुंबईहून 2021 पासून सुटणारं 'एम्प्रेस' बॅलार्ड पिअरला उभं होतं. लोक सेल्फी काढत होते. अण्णांनी मान वर केली, "आयर्विनच्या खालनं जाईल का हो हे?"

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. अण्णांचं सगळं जग या दोन आकड्यांत बसतं. सूपची वाटी काठोकाठ भरली, "इशारा पातळी." वाढप्यानं पुन्हा पळी उचलली, "बास, धोका!" जहाज डोललं, पोहण्याच्या तलावातलं पाणी डेकवर आलं, अण्णा पाय वर घेऊन माझ्याकडं वळले, "सोडला का विसर्ग?"

म्हणजे मी सोडला! कोयना धरण पाटण तालुक्यात, कृष्णा-कोयनेचा संगम कराडला, दोन्ही सातारा जिल्ह्यात. बुडते मात्र सांगली. गोव्याकडं जाताना त्यांनी कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा विषयही काढला. शेजारच्या खुर्चीतलं गुजराती जोडपं उठून गेलं.

बाकी दिवसभर काम काहीच नाही. समोर अरबी समुद्र, मांडीवर भडंगाची पिशवी. कांदा मात्र स्वयंपाकघरातून मागवून, स्वतः बारीक चिरून.

शेवटच्या रात्री डेकवर मी वैतागून म्हणालो, "अण्णा, पाण्याची एवढी धास्ती, तर आलात कशाला?"

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा अण्णा म्हाताऱ्या आईला घेऊन वरच्या मजल्यावर अडकले होते. बोट गॅलरीच्या कठड्याला लागली. आईला उचलून दिलं, औषधांची पिशवी दिली. बाकी सगळं खाली, पाण्यात.

"एकदा बोटीत सामान घेऊन बसायचं होतं," अण्णा म्हणाले आणि भडंग पुढं केलं.

आता पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उचलले की मीच सांगलीला फोन लावतो. विसर्गाचा आकडा त्यांना माझ्याआधीच ठाऊक असतो. तरी पहिल्या रिंगला उचलतात आणि शिव्या साताऱ्यालाच घालतात.