आम्हाला विचारू नका, साहेब!

प्रति,
सन्माननीय लोकप्रतिनिधी महोदय
(ग्रामपंचायत ते संसद; आजी, माजी आणि भावी; सर्वपक्षीय)

विषय : धोरणात्मक निर्णयांच्या जाचातून जनतेला कायमचे मुक्त करण्याबाबत.

संदर्भ : चौकातला आपला फ्लेक्स.

महोदय,

मी पिंगुळी, तालुका कुडाळ येथील एक मतदार. फ्लेक्सवर आपण हात जोडून उभे आहात आणि खाली 'आपला सेवक' असं लिहिलं आहे. सेवकानं मालकाला विचारून काम करावं असा जुना रिवाज होता. तो आपण मोडलात, मालकाच्या जिवाला घोर नको म्हणून. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

पिंगुळी म्हटलं की लोकांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात. इथले कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हापासून तर दिल्लीलाही आमचा पत्ता कळला. त्यामुळे जनता म्हणजे बाहुली आणि आपण दोऱ्या ओढणारे, ही उपमा आता येणार, असं आपल्या पीएंनी गृहीत धरलं असेल. ती मी देणार नाही. आमचे ठाकर कलाकार खेळ सुरू करण्याआधी दोऱ्यांचा गुंता सोडवून घेतात. आपल्याला तेवढी सवड कुठली?

आमची काळजी आपण किती घेता याचा दाखला सरपंचाच्या खुर्चीत आहे. सरपंच थेट लोकांनी निवडावा, असं २०१७ साली सरकारनं ठरवलं. आम्ही खूश. २०२० साली दुसऱ्या सरकारनं ठरवलं, लोकांनी नको, सदस्यांनीच निवडावा. आम्ही गप्प. २०२२ साली तिसऱ्या सरकारनं पुन्हा ठरवलं, छे, लोकांनीच निवडावा. लोकांना निवडीचा हक्क द्यावा की काढून घ्यावा, हा प्रश्न पाच वर्षांत तीनदा निकाली निघाला आणि एकदाही आम्हाला विचारून आपण आमची झोप मोडली नाहीत. जिल्हा परिषदेच्या बाबतीत तर आपण यापेक्षा मोठी सवलत दिलीत. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असं सांगावं लागलं. तीन वर्षांवर मत देण्याचे कष्ट वाचले, साहेब.

आपण म्हणाल, लोकांना काय कळतं? खरं आहे. उपरोध क्षणभर बाजूला ठेवून सांगतो, काही निर्णय लोकांवर न सोडलेलेच बरे. डॉ. आंबेडकरांनी कोकणातली खोती बंद करण्यासाठी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं. त्याआधी गावागावांत सभा घेऊन 'खोती ठेवायची का?' असं विचारलं असतं तर सभेत बोलायला उठला असता तो खोतच, आणि कुळांनी माना डोलावल्या असत्या. लोकशाहीचं माहेरघर म्हणून ज्याचं नाव घेतात त्या स्वित्झर्लंडमध्ये १९५९ च्या सार्वमतात पुरुषांनी बायकांना देशपातळीवरचा मताधिकार नाकारला. तो मिळायला १९७१ उजाडलं. आपल्याकडे घटना समितीनं कुणालाही न विचारता तो पहिल्याच दिवशी देऊन टाकला. तेव्हा दुबळ्याचा हक्क बहुमताला विचारून ठरवायचा नसतो, हे मला मान्य आहे. पुलाच्या खांबात लोखंड किती घालावं हेही आम्हाला विचारू नये.

पण आपण ज्या गोष्टी विचारत नाही त्या या जातीच्या नसतात, आणि ज्या विचारता त्या कशा विचारता, हे जरा पाहा.

ग्रामसभा घ्या. कुठल्याही गावची. नोटीस फलकावर लागलेली असते, मागच्या नोटिशीवरच डकवलेली. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढेही जमत नाहीत, कारण भात लावणी असते, नाहीतर कापणी, नाहीतर क्रिकेटची मॅच. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, हे ज्यांना ठाऊक असतं ते नेमके दुसऱ्या सभेला येतात. हजेरीची वही फिरते. घरकुलाच्या यादीवर तासभर भांडण होतं, कारण तिथं प्रत्येकाला आपलं नाव शोधायचं असतं. मग चहा येतो. चहाबरोबर 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' येतात, आणि गावाची जमीन, पाणी, डोंगर असलं जे काही मोठं असतं ते नेमकं त्यात असतं. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर, व्हय म्हाराजा! कप गोळा व्हायच्या आत ठराव सर्वानुमते मंजूर झालेला असतो. यात चूक आपली एकट्याची नाही. न आलेल्यांची आहेच.

आणि जे आले, ज्यांनी नीट वाचून ठराव केले, त्यांचं काय झालं? माधव गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्ये सरकारला दिला. त्यात म्हटलं होतं की कुठला भाग किती जपायचा हे ग्रामसभांशी बोलून ठरवा, अहवाल लोकांच्या भाषेत लोकांपुढे ठेवा. आमच्याच जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी तर आपण होऊन 'आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या' असे ठराव केले होते. अहवाल मात्र २०१२ च्या मेपर्यंत कुलपात राहिला. माहिती अधिकार आणि दिल्ली उच्च न्यायालय, दोन्ही वापरल्यावर तो बाहेर आला. मग तोच अहवाल पुन्हा तपासायला कस्तुरीरंगन समिती आली, आणि गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना २०१३ साली उघडं पत्र लिहिलं. (खुल्या पत्रांचा काही उपयोग होत नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे.) २०१४ पासून केंद्रानं पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना सहा वेळा काढली. दर वेळी हरकती-सूचनांना साठ दिवस. इतक्या वेळा विचारणारं सरकार आणि इतक्या वेळा सांगणारी जनता जगात दुसरीकडे नसेल. फक्त ऐकायला कुणाला नेमायचं, तेवढं राहून गेलं. राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या रिफायनरीचंही तेच. गावांचे विरोधाचे ठराव फायलीत पडून होते. रिफायनरीसाठी भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली २०१९ च्या मार्चमध्ये, लोकसभेसाठी युती जाहीर झाल्यावर. निर्णय बरा झाला, पण तो गावांनी मिळवलेला नव्हता, जागावाटपात सुटलेला होता.

एक निर्णय तेवढा आपण खरोखर आमच्यावर सोडला आहे. गावातलं दारूचं दुकान. तिथली शिस्त बघा. पंचवीस टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होणार, मग गुप्त मतदान. उभी बाटली की आडवी? दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हेत, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे लग्न होऊन मुंबईला गेलेली पण यादीत राहिलेली लेक, गोव्यात कामाला असलेली सून आणि नाव कमी करायचं राहून गेलेली कैलासवासी आजी, या सगळ्या घरबसल्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. हाच नियम आपल्या निवडणुकीला लावला तर विधानसभेत किती बाकं भरतील, हे मी विचारत नाही. मला न विचारण्याची सवय लागली आहे.

आता लोकांना खरंच विचारलं तर काय होतं? आमच्या पिंगुळीहून महामार्गानं दक्षिणेला निघालं, बांदा मागे टाकून पत्रादेवी ओलांडली की गोवा. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हे १६ जानेवारी १९६७ रोजी तिथल्या लोकांना विचारलं गेलं. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं आधी राजीनामा दिला. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. आपल्या बाजूच्या पुष्कळांना, अर्थातच आमच्या इकडच्यांनाही, निकाल कडू लागला. पण प्रश्न तिथं संपला. आणि पुढची गंमत ऐका. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि याच गोव्यानं बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं! माणूस हवा, त्याचं धोरण नको, हे लोकांना इतकं नेमकं सांगता आलं, कारण दोन प्रश्न दोन वेळा विचारले होते.

त्याच १९६७ साली बेळगावचा प्रश्नही निकालात निघणार होता. तो लोकांना विचारायचा नाही असं ठरलं. तो न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या आयोगाकडे दिला. अहवाल आला, महाराष्ट्रानं नाकारला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला. आता माणसाला विचारलं ते आणि आयोगाला विचारलं ते, दोन्ही शेजारी ठेवून आपणच बघा.

आमच्याकडे देवळात कौल लावतात. पाषाणाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण गुरव एका वेळी एकच प्रश्न घालतो. घर बांधू का, विहीर खणू का आणि थोरल्याचं लग्न ठरवू का, असं तिन्ही एकदम विचारलं तर उजव्या पाकळीचा अर्थ काय काढायचा? आपण मात्र पाच वर्षांतून एकदा येता आणि महामार्ग, खाण, मंदिर, आरक्षण, काजूचा भाव आणि भाच्याची नोकरी एका बटणात घालून आमच्यापुढे ठेवता. बटण दाबलं की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फायलीवर लिहायला मोकळे, की जनतेनं कौल दिला आहे.

तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीनं, आयत्या वेळी, या पत्राच्या विषयात दुरुस्ती सुचवतो. आपण राज्य करा. अंदाजपत्रक, कायदे, भांडणं, सगळं आपलंच. पण ज्या कामात गावाची जमीन किंवा पाणी कायमचं जाणार आहे ते एक काम तेवढं वेगळं विचारा. एका कागदावर, मराठीत, हद्दीचे दगड पुरायच्या आधी, आणि आवाजी नको, गुप्त मतदानानं. आमचं उत्तर चुकलं तर त्याची फळं आम्हीच भोगू. आपली चूक झाली तरी ती आम्हीच भोगतो.

कळावे, लोभ असावा.

आपला मालक,
पिंगुळीचा एक मतदार

प्रत माहितीसाठी :
समस्त ग्रामस्थांस. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागली की वाचा आणि पहिल्याच सभेला या. तहकूब झालेल्या सभेत तुमच्यावाचून काही अडत नाही.