पाठमोरा संसार

डॅन्यूबकाठच्या सायकलवाटेवर नवरा-बायकोला शेजारी शेजारी जाता येत नाही असं नाही. पण समोरून सतत कुणीतरी येत असतं आणि घंटी वाजली की दोघांपैकी एकाला मागे व्हावं लागतं. एकदा मागे झालेलं माणूस मग मागेच राहतं. आमच्यात ते माणूस मी.

जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतची ही वाट 300 किलोमीटरहून थोडी जास्तच. अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोवेलो 6’ या लांबलचक सायकलमार्गाचा हा लोकांचा भारी लाडका तुकडा. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून बहुतेक जण नदीच्या बरोबरीने पूर्वेकडे जातात. “नदी जाते तिकडे जायचं, म्हणजे सगळा उतारच,” असं नवऱ्याने मला पुण्यात पटवलं होतं. उतार आहे, नाही असं नाही. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर आणि व्हिएन्ना 160च्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मीटर. एवढा उतार नदीला कळतो, गुडघ्यांना नाही.

पासाऊला तीन नद्या एकत्र येतात. पश्चिमेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून आल्प्सचं हिरवट पाणी घेऊन आलेली इन आणि उत्तरेकडून काळपट, लहानखुरी इल्त्स. वर्षाची सरासरी काढली तर संगमापाशी इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त भरतं. तरी पुढे काळ्या समुद्रापर्यंत नाव चालतं ते डॅन्यूबचंच. हे मी नवऱ्याला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. तो टायर दाबून हवा बघत होता. मान वर न करता म्हणाला, “चालायचंच.” ज्याचं नाव पुढे चाललंय, त्याचं काय जातंय चालायचंच म्हणायला!

सामानाची वाटणी मात्र आम्ही चोख केली होती. पाने, पंप, सुट्या ट्यूब, चेनचं तेल त्याच्या पिशव्यांत. गॅसची छोटी शेगडी, पातेलं, भाजणी, मेतकूट माझ्या. तंबूचे दांडे त्याच्याकडे आणि कापड माझ्याकडे. त्यामुळे दिवसभरात कितीही बिनसलं तरी संध्याकाळी दोघांना एकत्र येण्यावाचून गत्यंतर नसे. बिनसायला कारणंही फार लागत नाहीत. या वाटेला बऱ्याच ठिकाणी दोन्ही काठांवर रस्ते आहेत. डाव्या काठाने जावं तर उजवीकडची गावं छान दिसतात, उजव्या काठाने जावं तर डावीकडची. श्लोगेनला तर नदीच जवळजवळ उलटी फिरते आणि सायकली घेणारी छोटी होडी पलीकडे नेऊन सोडते. मागून मी “होडी, होडी!” म्हणून ओरडत होते आणि पुढून वाऱ्यावर उत्तर आलं, “थोडी? थोडीच राहिलीये!”

मुक्कामाला कॅम्पिंगची मैदानं. कापलेलं गवत, गरम पाण्याच्या न्हाण्या आणि भांडी घासायला ओळीने सिंक. संध्याकाळी तिथे टबभर भांडी घेऊन उभे असतात ते बहुतेक नवरे. घरी सिंककडे न फिरकणारा आमचा गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून त्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि पातेल्याच्या बुडाशी करपलेला पोह्यांचा थर खरवडत शेजारच्या डच आजोबांशी गिअरवर गप्पा मारू लागला. रविवारी दुकानं बंद, हे ऑस्ट्रियातलं सत्य शनिवारी रात्री लक्षात आलं, तेव्हा भाजणीने लाज राखली. रात्री दहानंतर मैदानात शांतता पाळायची असते, म्हणजे राहिलेलं भांडण कुजबुजत करायचं. कुजबुजत भांडण रंगत नाही. समोरचा काय बोलला ते आपल्याला दुसऱ्यांदा विचारावं लागतं आणि मग हसू येतं.

शेवटच्या टप्प्यात वाखाऊचं खोरं लागतं. द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, आणि ड्यूर्नश्टाइनच्या टेकडीवर पडका किल्ला. धर्मयुद्धाहून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला 1192च्या हिवाळ्यात इथे कैदेत ठेवलं होतं. त्याचा भाट गाणं म्हणत किल्लोकिल्ली हिंडला आणि आतून पुढची ओळ ऐकू आल्यावर राजाचा ठावठिकाणा लागला, अशी दंतकथा आहे. “मला कुणी धरून नेलं तर तू गात येशील का?” नवऱ्याने विचारलं. म्हटलं, “येईन की. पण आधी विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते सांगून जा.”

व्हिएन्नात पोचल्यावर दोघांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. त्याच्या फोनमध्ये मठ, पूल, नदी, ढग, आणि तितक्याच प्रेमाने काढलेली त्याची सायकल. माझ्या फोनमध्ये ओळीने त्याची पाठ. घामेजलेली, उन्हात रापलेली, पावसात पिवळ्या कोटातली, चढावर डुलणारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाच्या पाठीकडे इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं. समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या झुळका आधी ती अंगावर घेत होती, हेही तेव्हाच दिसलं. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, “मग पुढच्या वेळीही मीच पुढे?”

मुळीच नाही. पुढच्या वेळी पुढे मी असणार. त्यालाही कळू दे माझी पाठ कशी दिसते, आणि मागून मारलेल्या हाका पुढे किती पोचतात ते!