ओव्हनला कुणी भीत नाही

वर्कशॉपमध्ये कुणाला किती भ्यायचं हे ठरलेलं असतं. लेथ चालू झाला की माणूस शर्टाची बाही आवरतो. ग्राइंडरसमोर डोळे आपोआप बारीक होतात. पॉवर प्रेसपाशी तर नवखं पोरगं आपली दहाही बोटं मनातल्या मनात मोजूनच उभं राहतं. एका यंत्राला मात्र कुणी भीत नाही, तो म्हणजे कोपऱ्यातला हॉट एअर ओव्हन. तो गरगरत नाही, ठिणग्या उडवत नाही, बोंबलत नाही. टेबलावर ठेवलेलं पत्र्याचं बुटकं कपाट, दाराला एक मूठ आणि कपाळावर चार लाल आकडे. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालून झाल्या की परातीत उरलेलं एकुलतं फूल त्याच्या मुठीत खोचतात. इतर माळा दुसऱ्या दिवशी उतरतात. याचं फूल दिवाळीपर्यंत तिथंच असतं, कारण ते काढायचं कुणाच्या ध्यानातच नसतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत मोटर रिवाइंडिंगची जी दुकानं आहेत, तिथं हा ओव्हन हटकून दिसतो. मोटर जळली की तिचं जुनं तांबं उपसून काढतात, नवी तार भरतात, मग ते सगळं गुंडाळं वॉर्निशमध्ये बुडवून ओव्हनमध्ये भाजतात. हे भाजणं दिखाव्यासाठी नसतं. ५० हर्ट्‌झच्या विजेवर मोटरमधली तार सेकंदाला १०० वेळा थरथरते. वॉर्निश नीट पिकून तारा एकमेकींना घट्ट चिकटल्या नाहीत, तर त्या घासून घासून आपलं इनॅमल उतरवतात आणि चार महिन्यांत मोटर पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर येते. अशा एका दुकानाच्या मालकांना अख्खी गल्ली मामा म्हणते. ओव्हनबद्दल मला जे थोडंफार कळतं, ते त्यांच्या बाकड्यावर बसून, त्यांच्याच चहावर कळलेलं आहे.

ओव्हन आला की पहिला वाद जागेचा. कपाट भिंतीला टेकवतात, म्हणून ओव्हनही भिंतीला टेकवायचा, असा सर्वसाधारण समज असतो. पण याच्या पाठीत आतली हवा फिरवणाऱ्या ब्लोअरची मोटर असते आणि इतरांना तापवणाऱ्या ओव्हनच्या या मोटरला स्वतःला मात्र थंड राहावं लागतं. त्यामुळे मागे-बाजूला वीतभर जागा मोकळी हवी, खाली लोखंडी टेबल हवं आणि ते समपातळीत हवं, नाहीतर दार नीट बसत नाही. शिवाय ओव्हनच्या डोक्यावर काहीही ठेवू नये, कारण तिथं वाफ बाहेर पडायची झडप असते. मामांनी हे शेवटचं वाक्य पुठ्ठ्यावर ठळक लिहून हाताखालच्या पोराला लावायला सांगितलं. पोराने तो पुठ्ठा ओव्हनच्या डोक्यावर ठेवून भिंतीला टेकवला.

विजेचं गणित सोपं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. तीन किलोवॉटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपियर खेचतो. तेवढे अँपियर इस्त्रीवाल्याकडेही कधी कधी लागतात, पण इस्त्री मधूनमधून दम खाते. हा थंडगार जड लोखंड पोटात घेऊन तापायला बसला की तासन्‌तास खेचत राहतो. त्याला स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी आणि अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर द्यावी लागते. प्रत्यक्षात त्याला मिळतो एक एक्स्टेन्शन बोर्ड, ज्याच्यावर मोबाइलचा चार्जर, रेडिओ आणि गणपतीच्या फोटोवरचा लाल बल्ब आधीच नांदत असतात. तासाभराने त्या बोर्डाची वायर हाताला कोमट लागते. ‘चालतंय की’ म्हणून लोक ती सोडून देतात. मामा येताजाता बोटांनी वायर चाचपतात आणि कोमट लागली की काही न बोलता खटका पाडतात.

अर्थिंगची गोष्ट तर आणखी निराळी. जमिनीत कोळसा आणि मीठ भरून केलेला खड्डा मे महिन्यात कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून जुनी माणसं उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत, भर दुपारी एक गृहस्थ कोरड्या खड्ड्याला पाणी घालतोय हे दृश्य शेजारपाजारच्या बायकांना पटवून देणं हे अर्थिंग करण्यापेक्षा अवघड काम आहे.

पण खरी भीती वाटायला हवी ती थिनरची. वॉर्निश पातळ करायला थिनर घालतात आणि त्यात बहुधा टोल्युइन किंवा त्याचं एखादं भावंड असतं. टोल्युइनची वाफ हवेत जेमतेम सव्वा टक्का झाली की ती हवा पेट घेऊ शकते. आता १०० लिटरचा ओव्हन घ्या, टेबलावरचे बरेच ओव्हन याच्या आसपासचे असतात. त्याचा सव्वा टक्का म्हणजे सव्वा लिटर वाफ. ही वाफ व्हायला द्रवरूप टोल्युइन किती लागतं? सुमारे पाच मिलिलिटर. चहाचा एक चमचा. वॉर्निशमधून नुकता बाहेर काढलेला, ठिबकणारा स्टेटर, म्हणजे मोटरचा तार भरलेला स्थिर भाग, असे कितीतरी चमचे अंगावर घेऊन आत जातो. आत तापलेला हीटर असतो, बंद दार असतं, आणि वरची झडप ‘उष्णता वाया जाते’ म्हणून कुणीतरी काटकसरीने लावून ठेवलेली असते.

म्हणून मामांच्या दुकानात जॉब वॉर्निशमधून काढला की आधी जाळीवर निथळत राहतो, वॉर्निशचा ठिबका थांबून त्याला चिकटपणा येईपर्यंत. मग तो ओव्हनमध्ये जातो, तोही झडप पूर्ण उघडी ठेवून आणि ब्लोअर आधी चालू करून. सुरुवातीला आच कमी, वास विरल्यावर वाढवायची. कुठल्याही वॉर्निशला कुठलाही ओव्हन चालत नाही हेही ते सांगतात. जिथं थिनरची वाफ रोज भरपूर निघणार तिथं त्याच कामासाठी बनवलेला, बाहेरची हवा सतत खेचणारा ओव्हन हवा. साध्या, प्रयोगशाळेतल्या ओव्हनकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं. गिऱ्हाइकाला या सगळ्यातलं फक्त निथळणं दिसतं. तो म्हणतो, ‘मामा, नुसता टांगून ठिवलाय व्हय? आत कवा घालणार?’ मामा त्याला स्टूल देतात.

याच न्यायाने दुपारचा डबा ओव्हनमध्ये गरम करणं हा गुन्हा आहे. ज्या भिंतींवर वर्षानुवर्षं वॉर्निशची वाफ बसली, त्या भिंतींच्या आत बटाट्याची भाजी ठेवू नये हे सांगावं लागतं. प्रत्येक नव्या पोराला एकदा सांगावं लागतं, आणि प्रत्येक पोरगं आधी हसतं.

आता त्या लाल आकड्यांविषयी. त्यांच्यामागे जो कंट्रोलर बसलेला असतो, त्याच्या डोक्यातली युक्ती जहाजावरून आलेली आहे. निकोलस मिनोर्स्की याने १९२२ साली जहाजाचं सुकाणू आपोआप कसं धरावं यावर लिहिलं. अनुभवी सुकाणूवाला आत्ता जहाज किती वळलंय एवढंच बघत नाही. ते किती वेळापासून भरकटतंय आणि किती वेगाने भरकटतंय हेही त्याच्या मनात असतं. तेच त्रैराशिक आज दीड हजार रुपयांच्या डबीत घालून उद्यमनगरात मिळतं. एवढ्या विद्वान डबीचं कौतुक वाटावं हे खरं, पण तिच्यावर विश्वास किती ठेवायचा हा वेगळा प्रश्न. ती १३०.२ असं दशांशासकट सांगते तेव्हा तापमान १३०.२ असतं ते फक्त तिच्या सेन्सरच्या टोकापाशी, ब्लोअरच्या झोतात. खालच्या कप्प्यात, दाराजवळ, दोन स्टेटरच्या मधल्या फटीत काय चाललंय हे तिला ठाऊक नसतं. आणि स्टेटरचं ते पंचवीस-तीस किलो लोखंड तर हवेच्या फार मागून चालतं. हवा अर्ध्या तासात १३० वर पोचली तरी लोखंड अजून वाटेतच असतं. वॉर्निशच्या डब्यावर लिहिलेले तास मोजायचे ते जॉब तापल्यापासून, आकडा तापल्यापासून नव्हे. घाईचं गिऱ्हाईक नेमकं उलटं मोजतं.

डबीच्या हाताखाली हीटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर असतो, आणि तो कधीतरी चिकटून बसतो. सॉलिड स्टेट रिले असेल तर तो बिघडताना बहुधा ‘चालू’ अवस्थेतच बिघडतो. डबी ओरडून सांगते बंद कर, हीटर ऐकत नाही. यासाठी चांगल्या ओव्हनमध्ये दुसरा, अगदी स्वतंत्र थर्मोस्टॅट असतो, जो ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेलं की वीजच तोडतो. इतक्या वर्षांत त्याचा एकदाही उपयोग झाला नाही, हे कारण देऊन तो काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. विम्याचे हप्ते मात्र ते वेळेवर भरतात.

दार मध्येच उघडून बघण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. शिजेपर्यंत दम निघतो पण निवेपर्यंत निघत नाही, ही म्हण ओव्हनच्या दारावरच कोरायला हवी होती. दार उघडलं की १३० अंशांची हवा तोंडावर येते, चष्मा असेल तर तो आधी वाफाळतो आणि मग तापतो. म्हणून बिजागरीच्या बाजूला उभं राहून, दार आधी बोटभर उघडायचं आणि मग सावकाश पूर्ण. हातमोजे कोरडे हवेत. ओलं फडकं धरून तापलेला जॉब उचलू पाहणाऱ्याच्या तळहाताला फडक्यातल्या पाण्याची वाफ भाजते, हे घरातल्या बायकांना उपजत माहीत असतं. वर्कशॉपमधल्या पुरुषांना शिकवावं लागतं. काम संपल्यावरही मेन स्विच लगेच पाडायचा नसतो. हीटर बंद, ब्लोअर चालू, आतली आच उतरेपर्यंत. नाहीतर सगळी उष्णता दांड्यावाटे ब्लोअरच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसते आणि त्यातलं ग्रीस वितळून जातं. तशा बेअरिंगचा कुरकुर आवाज मामांना रस्त्यावरून ओळखू येतो.

देखभाल म्हणजे फारसं काही नसतं, म्हणूनच ती राहून जाते. तळाशी ट्रे ठेवायचा आणि ठिबकलेलं वॉर्निश वेळच्या वेळी खरवडायचं, कारण तेच एक दिवस जळतं. दाराचा सिलिकॉनचा पट्टा टणक झाला की बदलायचा. फार जुना ओव्हन असेल आणि दाराला पांढरट दोरी असेल तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तिला नखाने उकरायचं नाही, एअर गनने झाडायचं तर मुळीच नाही. आणि आत हात घालायच्या आधी किटकॅट फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. एमसीबी आले तरी मामांनी हा फ्यूज लाइनमध्ये ठेवलाय, त्याचं कारण एवढंच, की एमसीबी खिशात घालता येत नाही.

पावसाळ्यात ओव्हन आपला आणखी एक स्वभाव दाखवतो. हीटरच्या नळीत मधोमध नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड हवेतली ओल शोषते. जुलैत आठवडाभर बंद राहिलेला ओव्हन चालू करताच विजेची गळती पकडणारा ईएलसीबी पडतो, आणि लोक ईएलसीबीला शिव्या देऊन तो बायपास करतात. वाळवण्यासाठी जन्माला आलेलं यंत्र स्वतःच ओलं झालंय हे पटकन मनाला शिवत नाही. मामा इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर लावतात, हीटर काढून हलक्या आचेवर वाळवतात, पुन्हा मेगर लावतात आणि मगच ओव्हन कामाला लागतो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेकाठच्या मोटरींची रांग या दुकानांच्या दारात लागली. बुडालेली मोटर खोलायची, गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, बेअरिंग काढायची आणि वाइंडिंग ओव्हनमध्ये, पण पाण्याच्या उकळीच्या खालीच, ९० अंशांच्या आसपास. त्याहून जास्त आच दिली तर आत अडकलेलं पाणी उकळून इन्सुलेशन फाडत बाहेर येतं. या कामात एक गंमत असते. वाइंडिंग तापू लागलं की मेगरचा आकडा आधी खाली उतरतो. ओल सगळीकडे पसरते, हालू लागते. बऱ्याच वेळाने आकडा थांबतो, वळतो आणि वर चढू लागतो. एका शेतकऱ्याने हे उतरणं पाहिलं आणि त्याचा धीर सुटला.

‘मामा, सकाळपेक्षा कमीच झालं की हो! बिघडली का काय?’

‘आत्ताशी वाळाय लागलीय. च्या घ्या.’

त्याने चहा घेतला, दुसराही घेतला. चारच्या सुमारास आकडा चढू लागला, तसा तो खुलला आणि म्हणाला, ‘मग विहिरीतली पाणबुडी मोटरबी आणू का उद्या? तीबी पुरात होती. घालून टाका हिच्याशेजारी, तीबी वाळंल.’

मामांनी कप खाली ठेवला. पाणबुडी मोटरची तार प्लास्टिकच्या वेष्टणाची असते, ओव्हनमध्ये ते वेष्टण मऊ होऊन बसतं, हे सगळं सांगायचा त्यांचा विचार असावा. पण त्यांनी थोडक्यात आवरलं.

‘पावणं, ती जल्मापास्नं पाण्यातच हाय.’